आमदार आमचा की पक्षाचा? विदर्भातल्या गावांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की माणसाला बोलायला वेळ मिळतो. यवतमाळ, वाशीम, वर्धा, बुलढाणा या भागांतल्या अशा रांगांमध्ये, बाजार समितीच्या ओट्यावर आणि ग्रामसभा आटोपल्यावर पारावर मला तेच ते प्रश्न ऐकू येतात. मत आपण देतो, पण निवडून आल्यावर आमदार ऐकतो कोणाचं? मी कापूस पिकवणाऱ्या घरातला आहे आणि विधिमंडळाचं कामकाज बरीच वर्षं आवडीनं वाचत आलो आहे. ज्याला त्याला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून ही उत्तरं. काही प्रश्न जसे आपल्या बोलीत आले तसेच ठेवले आहेत.

इथे भाजप आणि शिवसेनेबद्दलच जास्त का लिहिलं आहे?

विदर्भात विधानसभेच्या ६२ जागा आहेत. त्यांतल्या भाजपने २०१४ मध्ये ४४, २०१९ मध्ये २९ आणि २०२४ मध्ये ३८ जिंकल्या. म्हणजे आपल्याकडचा आमदार बहुतेक वेळा उजव्या, परंपरा मानणाऱ्या विचारांचा असतो. त्याच्या पक्षात 'शिस्त' या शब्दाला फार वजन आहे. ही शिस्त कामाची कधी आणि गळ्याशी येणारी कधी, हाच आपल्या लोकांचा खरा प्रश्न आहे. कायदा मात्र सगळ्या पक्षांना एकच आहे, त्यामुळे काँग्रेसच्या किंवा राष्ट्रवादीच्या आमदाराबद्दल विचारणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आमचा भाऊ सभागृहात कापसावर काऊन नाही बोलत? पक्षानं तोंड शिवलं का त्याचं?

कायद्यानं तरी शिवलेलं नाही. उलट राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ मध्ये आमदाराला सभागृहात बोलण्याचं मोठं संरक्षण आहे. तिथे तो जे बोलेल त्याबद्दल त्याच्यावर कोर्टात खटला चालत नाही. पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे घटनेचं दहावं परिशिष्ट, आमदाराचं मत बांधतो. जीभ मोकळीच असते.

एक ताजं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत काढलं आणि मग ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला पहिला वेचा घरी येण्याचे हेच दिवस. या निर्णयावर आपल्या विधानसभेत मतदान नव्हतं, व्हिप नव्हता, सरकार पडण्याचा प्रश्नच नव्हता. सत्ताधारी पक्षाचा आमदार उभा राहून 'हे शुल्क परत लावा, अशी शिफारस राज्याने केंद्राला करावी' असं म्हणाला असता तर त्याची आमदारकी एका दिवसासाठीही धोक्यात आली नसती. खासदारालाही पत्र लिहायला किंवा प्रश्न विचारायला कोणी अडवलेलं नव्हतं.

म्हणून 'पक्षाचा आदेश आहे, आमचे हात बांधलेले आहेत' असं कोणी सांगितलं की आधी विचारावं : भाऊ, मतदान होतं का? नसेल तर हात मोकळेच होते.

व्हिप म्हणजे नेमकं काय?

पक्षाने आपल्या आमदारांना काढलेला लेखी आदेश. मराठीत त्याला पक्षादेश म्हणतात, आणि तो बजावणाऱ्याला प्रतोद. अमुक दिवशी हजर राहा, अमुक बाजूने मत द्या, असा त्याचा मजकूर असतो. शब्दांखाली तीन रेघा मारलेला व्हिप सगळ्यांत कडक समजला जातो.

प्रतोद नेमायचा कोणी, यावर महाराष्ट्रातच मोठा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या आमदारांच्या गटाचा नाही. म्हणजे तीस-चाळीस आमदार एकत्र बसले आणि त्यांनी आपला प्रतोद ठरवला, असं चालत नाही. पक्षनेतृत्वाची आमदारावरची पकड यामुळे आणखी घट्ट झाली. मला स्वतःला हा निकाल कायद्याच्या शब्दांना धरून वाटतो, पण मतदारसंघातून निवडून आलेल्या माणसाचं वजन त्यात कमी होतं, हेही तितकंच खरं आहे.

व्हिप मोडला की लगेच आमदारकी जाते का?

लगेच जात नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने हा कायदा आला. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांच्या आत ते माफ केलं नाही, तर अपात्रतेचा प्रश्न उभा राहतो. पण तो आपोआप निकाली निघत नाही. विधानसभेच्या अध्यक्षांकडे याचिका करावी लागते, आणि अध्यक्ष कोणत्या तरी पक्षाचेच असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात असं म्हटलं. महाराष्ट्रात जून २०२२ मधल्या शिवसेनेतल्या बंडाचा निकाल अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी दिला. दीड वर्षाहून जास्त काळ गेला, आणि शेवटी दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

अपात्र ठरलाच तर जागा रिकामी होते आणि पोटनिवडणूक लागते. तो माणूस पुन्हा उभा राहू शकतो. मात्र पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा त्या सभागृहात त्याची जेवढी मुदत उरली होती ती संपेपर्यंत त्याला मंत्री होता येत नाही.

मग प्रत्येक मतदानात पक्ष सांगेल तेच करायचं?

हा प्रश्न मला दारव्ह्याकडच्या एका तरुण वकिलाने विचारला होता आणि याचं उत्तर फार कमी लोकांना माहीत आहे. १९९२ मध्ये किहोतो होलोहन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, पण त्याच निकालात एक मोलाची गोष्ट सांगितली. ज्या आदेशाच्या भंगाने आमदारकी जाऊ शकते तो आदेश मर्यादितच असावा : सरकारवरच्या विश्वास-अविश्वास ठरावाच्या वेळी, किंवा ज्या धोरणाच्या नावावर पक्षाने मतं मागितली त्या मूळ कार्यक्रमाशी निगडित प्रस्तावावर.

आता याचा आपल्याशी संबंध काय ते बघा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीच्या जाहीरनाम्यात शेतकरी कर्जमाफीचं आश्वासन होतं. म्हणजे ज्या कार्यक्रमावर पक्षाने मतं मागितली त्यातच ते आलं. त्याची आठवण करून देणारा आमदार आपल्या पक्षाचाच शब्द पाळायला सांगत असतो. त्याला बंडखोर कशासाठी म्हणायचं?

प्रत्यक्षात पक्ष जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या दिवशी व्हिप काढतात आणि आमदार मुकाट्याने पाळतात. न्यायालयाने ठेवलेली ही फट कोणी वापरून बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाहेर, म्हणजे सभेत किंवा टीव्हीवर पक्षाच्या नेत्याविरुद्ध बोललं तर?

इथे जपून चालावं लागतं. कायद्यात आमदारकी जाण्याची दोन कारणं आहेत. एक व्हिप मोडणं, आणि दुसरी पक्षाचं सदस्यत्व 'स्वेच्छेने सोडणं'. राजीनामा लिहून दिला तरच सदस्यत्व सुटतं असं नाही. वागण्यावरूनही तसा अर्थ काढता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं आहे. संयुक्त जनता दलाचे शरद यादव २०१७ मध्ये विरोधकांच्या पाटण्यातल्या सभेला गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची राज्यसभेची जागा गेली.

पण नेत्याला विरोध करणं आणि पक्ष सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकात २०१० मध्ये भाजपच्या अकरा आमदारांनी राज्यपालांना पत्र दिलं की मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना आमचा पाठिंबा नाही. आम्ही पक्षातच आहोत, फक्त हा मुख्यमंत्री नको, असं त्यांचं म्हणणं होतं. अध्यक्षांनी त्यांना घाईघाईने अपात्र केलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा दुसऱ्या पक्षाच्या मंचावर न चढता स्वतःच्या नेत्याला सोयाबीनचे भाव विचारणाऱ्या आमदाराला हा कायदा दाखवून कोणी घाबरवत असेल तर ती धमकी पोकळ आहे.

पक्षाने काढून टाकलं तर आमदारकी राहते?

राहते. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाप्रमाणे काढलेला सदस्यही या कायद्यापुरता त्याच पक्षाचा धरला जातो. दुसऱ्या पक्षात गेला की मग जाते.

कायदा एवढा मोकळा आहे तर मग भेव कशाचं?

तिकिटाचं. आणि हे भेव खरं आहे.

भाजपमध्ये उमेदवारी दिल्लीत केंद्रीय निवडणूक समिती ठरवते. तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी कितीही ठराव केले तरी एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा पक्षाचा कागद, वरूनच येतो. चंद्रशेखर बावनकुळे कामठीतून २००४, २००९ आणि २०१४ असे तीनदा निवडून आले होते, राज्याचे ऊर्जामंत्री होते. २०१९ मध्ये त्यांचं तिकीट कटलं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहूनही नाव आलं नाही. मंत्र्याची ही गत, तर पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदाराने काय धडा घेतला असेल? बावनकुळे गप्प राहिले, पक्षाचं काम करत राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये नागपूरच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून विधान परिषदेवर निवडून आले, ऑगस्ट २०२२ मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा कामठीतून जिंकून महसूलमंत्री झाले. पक्षात ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते : थांबलास तर मिळेल. थांबणाऱ्यांपैकी किती जणांना मिळालं, हे कोणी सांगत नाही.

शिवसेनेतलं उदाहरण आणखी बोलकं आहे. भावना गवळी १९९९ पासून सलग पाच वेळा खासदार, आधी वाशीमच्या आणि मग यवतमाळ-वाशीमच्या. रामटेकचे कृपाल तुमाने दोनदा खासदार. २०२२ च्या फुटीत दोघंही एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले, म्हणजे नव्या नेतृत्वाला सर्वांत गरज होती तेव्हा त्यांनी साथ दिली. तरी २०२४ च्या लोकसभेला दोघांचीही तिकिटं कटली. दोन्ही जागी दुसरे उमेदवार दिले आणि दोन्ही पडले. जुलै २०२४ मध्ये दोघांना विधान परिषदेवर घेतलं. लोकांनी निवडलेल्या खासदाराचं काम एका बैठकीत संपवता येतं आणि मग परिषदेची जागा देऊन समजूतही काढता येते, हे आपल्या भागाने डोळ्यांनी पाहिलं.

दुसरं भेव निधीचं. जिल्हा नियोजन समितीचं पाकीट पालकमंत्र्यांच्या हातात असतं. नेतृत्वाच्या मर्जीतून उतरलेल्या आमदाराच्या गावचा पांदण रस्ता यादीत खाली जातो. यासाठी कोणाला नोटीस काढावी लागत नाही, कुठे सही लागत नाही. खेड्यातल्या आमदाराला हे तिकिटापेक्षाही जास्त टोचतं, कारण लोक त्याला रस्त्यावरूनच मोजतात.

मंत्रिपद नाही मिळालं म्हणून नाराज झाले, असं दर वेळी ऐकतो. यात आमचा काय संबंध?

संबंध आहे, पण थोडा. घटनेप्रमाणे मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. २८८ आमदारांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह ४३. तीन पक्षांचं सरकार असलं की जागा आणखी कमी पडतात.

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. बल्लारपूरचे सुधीर मुनगंटीवार यांना वगळलं. त्यांनी नाराजी लपवली नाही, आणि पुढे सभागृहात स्वतःच्याच सरकारला अडचणीचे प्रश्नही विचारले. भंडाऱ्याचे नरेंद्र भोंडेकर यांनी शिवसेनेच्या उपनेतेपदाचा राजीनामा दिला. माणूस मंत्री असताना विचारत नाही आणि मंत्रिपद गेल्यावर विचारतो, अशी टीका होते. मला ती पुरेशी न्याय्य वाटत नाही. मंत्री झालेला आमदार सरकारचाच भाग असतो, त्याने आतच बोलायचं असतं. बाहेर राहिलेला ज्येष्ठ आमदार जर अनुभवाच्या जोरावर सरकारला कोंडीत पकडत असेल तर चंद्रपूरच्या माणसाचा त्यात फायदाच आहे. नाराजी का आली यापेक्षा तिच्यातून प्रश्न कोणते निघाले, हे बघावं.

भांडून बाहेर पडले त्यांचं पुढं काय झालं?

दोन नावं प्रत्येकाच्या तोंडी असतात.

नाना पटोले २०१४ मध्ये भंडारा-गोंदियातून प्रफुल्ल पटेल यांना हरवून भाजपचे खासदार झाले. २०१७ मध्ये त्यांनी नागपुरात जाहीरपणे सांगितलं की पंतप्रधानांना प्रश्न विचारलेले आवडत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरून त्यांनी खासदारकी आणि पक्ष दोन्ही सोडलं. मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत ती जागा भाजपने गमावली. ते मूळचे काँग्रेसचे आणि तिथेच परतले, विधानसभेचे अध्यक्ष झाले, प्रदेशाध्यक्ष झाले, आणि २०२४ मध्ये साकोलीतून अवघ्या २०८ मतांनी निवडून आले.

आशिष देशमुख २०१४ मध्ये काटोलमधून काका अनिल देशमुख यांना हरवून भाजपचे आमदार झाले. वेगळा विदर्भ आणि शेतकरी यांवर पक्ष शब्द पाळत नाही म्हणून त्यांनी २ ऑक्टोबर २०१८ रोजी राजीनामा दिला. काँग्रेसमध्ये गेले, २०१९ मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्याविरुद्ध नागपुरात उभे राहून हरले, २०२३ मध्ये काँग्रेसने काढलं, ते भाजपमध्ये परतले, आणि २०२४ मध्ये सावनेरमधून आमदार झाले.

या दोन कहाण्यांतून लोक वेगवेगळे अर्थ काढतात. मला त्यांत एक गोष्ट दिसते : दोघांनीही आधी जागा सोडली. मतदारांनी दिलेली खुर्ची सोडून बोलण्यात धैर्य आहे, पण ज्या दिवशी खुर्ची सोडली त्या दिवसापासून त्या सभागृहात आपल्या तालुक्याचा आवाज गेला. पक्षात राहून, खुर्चीवर बसून, पाच वर्षं ठामपणे बोलणारा आमदार मला या दोन्हींपेक्षा जास्त हवा आहे.

आणि वेगळ्या विदर्भाचं काय? भाजपनं तर ठराव केला होता ना?

केला होता. १९९७ मध्ये भुवनेश्वरच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत वेगळ्या विदर्भाच्या बाजूने ठराव झाला. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड ही तीन राज्यं झाली. विदर्भ राहिला, कारण मित्रपक्ष शिवसेनेचा कडवा विरोध. पुढे २०१४ मध्ये विदर्भाने ६२ पैकी ४४ जागा दिल्या तरीही तो ठराव जागचा हलला नाही. मार्च २०१६ मध्ये महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील, श्रीहरी अणे यांना वेगळ्या राज्याच्या वक्तव्यांमुळे पद सोडावं लागलं.

या सगळ्या काळात इथल्या भाजप आमदारांची अवस्था विचित्र होती. पक्षाचा राष्ट्रीय ठराव एका बाजूला, राज्यातली युती दुसऱ्या बाजूला. आपल्याच पक्षाचा ठराव बोलून दाखवणं म्हणजे नेतृत्वाला अडचणीत आणणं, असं झालं. ज्यांनी लहानपणी 'जय विदर्भ' लिहिलेल्या भिंती पाहिल्या त्यांना हे गिळणं जड गेलं. राज्य वेगळं व्हावं की नाही यावर आपल्याकडेच दोन मतं आहेत, आणि असोत. पण इथल्या समतोल विकासावर लक्ष ठेवणाऱ्या विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा त्यासाठी अडून बसायला कोणत्या पक्षनिष्ठेची अडचण होती?

जुन्या काळी आमदार असे दबून राहत नव्हते म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. 'हायकमांड' हा शब्द आपल्याकडे स्वातंत्र्याच्याही आधीचा आहे, आणि त्याचा पहिला मोठा दणका याच प्रदेशात बसला. मध्य प्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान, तेव्हा मुख्यमंत्र्याला हेच म्हणत, नागपूरचे डॉ. ना. भा. खरे. १९३८ च्या जुलैमध्ये सहकाऱ्यांशी पटेना म्हणून त्यांनी मंत्रिमंडळच नव्याने बनवलं. काँग्रेसच्या वरिष्ठांनी त्यांना पद सोडायला लावलं. त्या वेळी काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्याला होती. रविशंकर शुक्ल नवे पंतप्रधान झाले. खरे पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले.

वणीचे लोकनायक बापूजी अणे यांची गोष्ट मला जास्त जवळची आहे. १९३४ मध्ये जातीय निवाड्यावर, म्हणजे धर्म-समाजानुसार वेगळे मतदारसंघ देण्याच्या ब्रिटिश सरकारच्या निर्णयावर, काँग्रेसने ना स्वीकार ना नकार अशी भूमिका घेतली. अणे आणि मदनमोहन मालवीय यांना ती मान्य नव्हती. दोघांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पार्टी काढली. जुन्या वळणाचे, धार्मिक वृत्तीचे अणे आयुष्यभर नेतृत्वाशी जिथे पटलं नाही तिथे उघड बोलले, आणि १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले.

तिसरे दत्तोपंत ठेंगडी. १९२० मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत जन्म, भारतीय मजदूर संघ आणि भारतीय किसान संघाचे संस्थापक, १९६४ ते १९७६ राज्यसभेत. अटलबिहारी वाजपेयी यांचं सरकार म्हणजे त्यांच्याच विचारांचं, त्यांच्याच माणसांचं. तरी जागतिक व्यापार संघटना आणि आर्थिक धोरणांवर त्यांनी त्या सरकारवर जाहीर, कडक टीका केली. २००३ मध्ये पद्मभूषण देऊ केलं तर घेतलं नाही. त्यांनी ना विचार सोडला ना संघटना. उजव्या विचाराचा माणूस आपल्याच सरकारला किती स्पष्ट विचारू शकतो, हे बघायला आपल्याला आर्वीच्या पलीकडे जायची गरज नाही.

२०२२ मध्ये एवढे आमदार नेत्याला सोडून गेले, तेव्हा हा कायदा कुठं गेला होता?

शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार गेले. कायद्यात पूर्वी एक तृतीयांश फुटले तर चालायचं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती पळवाट काढून टाकली. आता दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीन झालं तरच संरक्षण. शिंदे गटाने विलीनीकरण केलं नाही, आम्हीच मूळ पक्ष असा दावा केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने आणि जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षांनी तो मान्य केला.

विदर्भातून त्या वेळी शिवसेनेचे चार आमदार होते. दिग्रसचे संजय राठोड, बुलढाण्याचे संजय गायकवाड आणि मेहकरचे संजय रायमुलकर शिंदेंसोबत गेले. बाळापूरचे नितीन देशमुख सुरतेहून परत आले आणि आपल्याला जबरदस्तीने नेल्याचं सांगितलं. २०२४ मध्ये मतदारांचा निकालही एकसारखा नव्हता : राठोड जिंकले, गायकवाड ८४१ मतांनी वाचले, रायमुलकर पडले, देशमुख जिंकले. गद्दारी की निष्ठा या एकाच तराजूवर आपल्या लोकांनी तोललं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

राज्यसभेच्या निवडणुकीतही व्हिप असतो का?

आमदार तिथे मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, पण विरुद्ध मत दिल्याने आमदारकी जात नाही. विधान परिषदेच्या निवडणुकीत तर मतदान गुप्तच असतं.

अमेरिकेत म्हणे खासदारच आपल्या नेत्याला खाली खेचतात. आपल्याकडं काऊन नाही?

तिथे खेचतात हे खरं. रिपब्लिकन पक्षातल्या कट्टर उजव्या खासदारांनी २०१५ मध्ये फ्रीडम कॉकस नावाचा गट बनवला. त्यांच्या दबावाने त्याच वर्षी सभागृहाचे अध्यक्ष जॉन बेनर यांनी पद सोडलं. जानेवारी २०२३ मध्ये केविन मॅकार्थी यांना अध्यक्ष व्हायला मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२३ रोजी स्वतःच्याच पक्षाच्या आठ जणांनी विरोधकांसोबत मत देऊन त्यांना २१६ विरुद्ध २१० असं काढलं. त्या आठांची खासदारकी गेली नाही.

दोन कारणं आहेत. तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही. आणि उमेदवार कोण हे पक्षाचा नेता ठरवत नाही, मतदार प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. त्यामुळे तिथला खासदार नेत्यापेक्षा आपल्या मतदाराला जास्त भितो. पण त्याचीही दुसरी बाजू आहे : पक्षाच्या मोठ्या नेत्याविरुद्ध गेलेल्या लिझ चेनी २०२२ मध्ये वायोमिंगच्या प्राथमिक निवडणुकीतच पडल्या.

इंग्लंडमध्ये मधला मार्ग आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, प्रश्नावरच्या मतदानात सरकारच्या विरोधात गेलेल्या २१ हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) खासदारांना पक्षाने गटातून काढलं, पण ते खासदार म्हणून राहिले. आपल्याकडे जागाच जाते. आपल्याकडची सगळी पद्धत बदलावी असं मी म्हणत नाही. पैशाच्या बळावर आमदार फोडणं आपण इतकं पाहिलं आहे की काही कुंपण हवंच. पण ते कुंपण विश्वासदर्शक ठरावापुरतं ठेवलं तरी पुरेसं होईल, असं माझं ठाम मत आहे.

आमदाराला नेमकं काय विचारायचं?

'तुम्ही पक्षाविरुद्ध बोलाल का?' असं विचारू नका. त्याला कोणीच हो म्हणणार नाही, आणि म्हणायची गरजही नाही. सभागृहात व्हिपशिवायची बरीच अवजारं आहेत : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं) विधेयक. सत्ताधारी आमदार ही सगळी वापरू शकतो आणि कित्येक जण वापरतातही. त्याने गेल्या अधिवेशनात कोणते प्रश्न दिले, त्यांतले किती शेतीचे होते, उत्तर काय मिळालं, हे विचारा. नागपूरचं हिवाळी अधिवेशन आपल्या दाराशी होतं, तेव्हा आधीच भेटा.

प्रश्न नेमका हवा. २०२४ च्या निवडणुकीत मतदानाच्या काही दिवस आधी सरकारी खरेदीसाठी सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. म्हणजे मागितलं तर मिळतं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८११० रुपये क्विंटल ठरला आहे. आपल्या तालुक्याच्या केंद्रावर ओलावा जास्त म्हणून किती क्विंटल माल परत पाठवला, किती दिवसांनी पैसे खात्यात आले, मालाची प्रत तपासणारा ग्रेडर किती दिवस गैरहजर होता, असा तारांकित प्रश्न लिहून आमदाराच्या हाती द्या. त्याच्या पक्षाचं नाव त्यात कुठेही येत नाही. सरकारला मात्र त्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर गावात वाचून दाखवता येतं.